पावणेनऊचे पाणी

धाकू, धाकूचा सोना, सोन्याचा भिवा. ही तीन नावे उच्चारल्यावाचून तरवाडीत पाणी सांगण्याची रीत नाही. धाकूने काजळी नदीवर तर, म्हणजे माणसे पार नेणारी होडी, चालवली. सोन्याने ती पूल होईपर्यंत चालवली. भिवाच्या वाट्याला तर आली नाही; वल्ही माळ्यावर गेली आणि भरती-ओहोटीचा हिशेब तेवढा त्याच्या हाती उरला. त्या भिवाचा केरू मार्गशीर्षातल्या एका शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून ही नावे घेत होता, आणि खाली पायऱ्यांवर नऊ बायका त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

नावे घेऊन झाल्यावर केरूने ओंजळीतले नदीचे पाणी डोळ्यांना लावले आणि उंडीच्या खोडाला ठोकलेल्या फळ्याकडे वळला. फळा शाळेने टाकून दिलेला, एका कोपऱ्यात चिरलेला. त्यावर त्याने सावकाश अक्षर काढले.

"उद्या तृतीया. पाणी पावणेनऊला फिरंल."

"पावणेनऊ," बायका एका सुरात म्हणाल्या.

हीही रीतच. सांगणाऱ्याने सांगितलेली वेळ ऐकणाऱ्याने उलट म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असे नंतर कोणाला म्हणता येत नाही. तिसरी रीत अशी, की नदीत गेलेली माणसे परत येईपर्यंत सांगणाऱ्याने धक्का सोडायचा नाही आणि परत आलेली डोकी मोजून घ्यायची. धाकूच्या वेळेपासून हे असेच चालत आले आहे.

केरूला सत्तरावे लागले होते. आंब्याचे दोन महिने कारखान्यात रस काढायचा आणि उरलेले दहा महिने नदीवर काढायचे, असे त्याचे आयुष्य गेले. मुलगा मुंबईला, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मुलगा शस्त्रक्रियेसाठी बोलावत होता, पण तिकडे गेलो तर इकडे पाणी कोण सांगणार, या एका प्रश्नावर केरू दोन वर्षे अडून बसला होता. वाडीत त्याच्याइतके ताठ चालणारे माणूस दुसरे नव्हते. मोठी जमीन नाही, होडी नाही. ताठ चालायला त्याच्याजवळ एवढा एकच आधार होता, की त्याच्या घराण्याचे पाणी कधी चुकले नाही.

नदीवर जाणे म्हणजे पाग, फेकायचे जाळे, खांद्यावर टाकून चालू लागणे, असे शहरातल्या लोकांना वाटते. ते तसे नाही. आषाढात नदी लाल होऊन फुगते, मासा अंडी घालायला ओढ्यांत चढतो, आणि त्या चढणीच्या माशावर वाडी चार दिवस चंगळ करते. मग श्रावणभर जाळी खुंटीला. गणपती गेले, पाणी निवळले, की बोय ही मासळी येते. मार्गशीर्षात सकाळी नदीवर धुके बसते आणि मधल्या वाळूच्या दांड्यावर मुळे, खायचे शिंपले, भरून येतात. फाल्गुनात काळुंद्र मासळी दगडांच्या सावलीला लागते. हा झाला ऋतूंचा हिशेब. त्याच्या आत चंद्राचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीला भांग, तेव्हा ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. तिथीची पाऊणपट केली की बंदरावरच्या भरतीची वेळ येते. तीत अर्धा तास मिळवला की तरवाडीची. तिथून सहा तास मागे गेले की ओहोटी संपून पाणी फिरण्याची. दांड्यावर गेलेल्या माणसाने पाणी फिरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत मधला चर ओलांडून काठ गाठायचा असतो. पाणी उतरते सावकाश, पण फिरले की चरात भराभर चढते; पुढे तो चर माणसाला ओळखत नाही.

बायका पांगल्या. एकटी दर्शना मागे राहिली. ती अंगणवाडीत मदतनीस होती, आणि रविवारच्या या फेऱ्या तिनेच बसवल्या होत्या. वाडीतल्या बायका मुळे काढत, आणि गळ टाकायची हौस असलेले शहरातले एकदोघे पैसे देऊन सोबत येत. कोणत्या महिन्यात काय लागते, कोणत्या तिथीला जायचे आणि कोणत्या वाऱ्याला घरी बसायचे, हे सारे तिने एका वहीत मांडून ठेवले होते. पाणी मात्र ती केरूकडूनच घेई.

"काका, जरा थांबता?"

"बोल."

"उद्याचं पाणी आठचं नाय का?"

केरूने खडू खिशात टाकला. "फळ्यावर काय लिवलंय?"

"पावणेनऊ. पर आयेच्या बोटांवर आठ येतंय. अमावास्येपास्नं उद्या दुसरी पेर."

"तुजी आये बोटावर मोजते. मी पंचांगात बगतो. उद्या तृतीया हाय का नाय?"

"हाय. पर मदी द्वितीया..."

"माज्या बापसानं चाळीस वर्सं पाणी सांगितलं गो. एक मिनिट पुढंमागं झालं नाय. आता तू मला तिथी शिकव. अंगणवाडीत शिकवतेस तशी."

"शिकवत नाय, काका. खाली बारीक अक्षरात छापलंय, तेवडं बगा. सगळ्या व्हत्या म्हणून मगाशी बोलले नाय."

तिने हे हळू म्हटले होते. त्या हळू बोलण्यातच केरूला आपले वय ऐकू आले, आणि त्याच्या तोंडून जे कधी निघू नये ते निघाले.

"तुज्या बापसाला पन असंच जास्त कळत व्हतं."

दर्शनाने ओढणीचे टोक कमरेला खोचले, वही उचलली.

"उद्या धक्क्यावर असाल ना?" एवढेच तिने विचारले.

"मी कवा नसतो?"

दर्शनाचा बाप रघू एकतीस वर्षांपूर्वी त्याच चरात गेला. तेव्हा दर्शना सहा वर्षांची होती. रघू पाग टाकणारा, अंगाने दणकट. दोघांबरोबर दांड्यावर गेला होता. त्या दोघांना लवकर मासळी मिळाली आणि ते आपल्या होडीने परतले. रघू मागून पायी निघाला आणि चरात वाहून गेला. ओला पाग त्याच्या मानेभोवती गुंडाळलेला सापडला. तेव्हापासून तरवाडीत एक बोलणे रूढ झाले. पोर ऐकेनाशी झाली की बाया म्हणत, 'रघूगत करू नको. सांगितलेल्या पाण्याच्या आत घरी ये.' लोभाने आणखी एक पाग टाकायला थांबला आणि जिवाला मुकला, हा रघूचा वाडीत उरलेला इतिहास. केरूने हे बोलणे हजार वेळा ऐकले होते. स्वतः ते तोंडाने उच्चारण्याची ही पहिली वेळ.

रविवारी पहाटे धुके इतके दाट होते की धक्क्यावरून चरही दिसत नव्हता. साडेसहाला आठ बायका, दर्शना आणि मांडवीचे यज्ञेश सर नावाचे शाळामास्तर गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले. सरांच्या हातात परदेशी गळ होता आणि पायांत रबरी बूट.

"केरूकाका, पावणेनऊ नक्की ना?" सरांनी जाता जाता विचारले.

"तीन पिढ्यांचं पाणी हाय, सर," शमिका म्हणाली. टोपली डोक्यावर उलटी घालून ती सर्वांत पुढे होती. "तुमच्या घड्याळाला चावी द्यावी लागत असल. काकांना नाय लागत."

हसत हसत सगळे धुक्यात गेले.

केरू पायरीवर बसला. रात्रभर त्याला नीट झोप नव्हती. दर्शनाचे 'बारीक अक्षर' डोक्यात कुसळासारखे रुतले होते. पण उठून कॅलेंडर उजेडात धरावे, एवढे काही त्याच्याकडून झाले नव्हते. सकाळी पाहू, असे म्हणून त्याने कूस बदलली होती, आणि सकाळी वेळ नव्हता. आता त्याने पायाशी पडलेले उंडीचे एक पान उचलून पाण्यात टाकले. भिवा असेच करी. पान भाट्याच्या दिशेने, समुद्राकडे, संथ वाहत गेले. काही वेळाने दुसरे टाकले. तेही गेले, पण रमत. तिसरे पान थोडे पुढे जाऊन थांबले. जागच्या जागी फिरले. मग देठ पुढे करून ते पुलाकडे, वर, चालू लागले.

केरूने मनगट डोळ्याजवळ नेले. आठ वाजून दोन मिनिटे झाली होती.

त्याच क्षणी त्याला सारे कळले. तिथी गळते, चंद्र गळत नाही; भिवाने हे त्याला लहानपणी पाठ करून घेतले होते. पंचांगात एखादी तिथी क्षय पावली, प्रतिपदेनंतर एकदम तृतीया आली, तर पुढचे तीन दिवस आकडा एकाने मागे घ्यायचा, कारण कागदावर उडी मारली म्हणून आकाशातला चंद्र उडी मारत नाही. द्वितीया गळाली होती. पाणी आठचे होते. आणि धुक्यात दहा माणसे पावणेनऊवर विसंबून वाळू उकरत बसली होती.

हाक मारायला हवी होती. चर पन्नास हात रुंद, दांडा पलीकडे. केरूचा आवाज तिथवर सहज पोचला असता. पण हाक मारणे म्हणजे पाणी चुकले असे सांगणे. तो उभा राहिला, तोंड उघडले, आणि पुन्हा मिटले. अजून अर्धा तास आहे, त्याने स्वतःशी म्हटले. दहा मिनिटांनी हाक दिली तरी चालेल. कदाचित वाऱ्याने पान फिरले असेल. वारा नव्हता. चौथे पान त्याने टाकले नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला पुरावा नको असतो.

असा तो किती वेळ उभा होता हे त्याचे त्यालाच ठाऊक. मग धुक्यातून शिट्टी ऐकू आली. अंगणवाडीतल्या मुलांना ओळीत उभे करायची ती शिट्टी. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना.

बायकांची कुरकूर आधी आली, बायका मागून. "अजून टोपली भरली नाय गो." "घड्याळ बग तुजं." मग कुरकूर थांबली आणि पाण्याचा आवाज मोठा झाला. पहिली शमिका दिसली, मांडीपर्यंत बुडालेली. तिच्यामागे एकमेकींचे पदर धरून बाकीच्या. सर्वांत शेवटी यज्ञेश सर, कमरेइतक्या पाण्यात, बूट भरून जड झालेले. आणि त्यांना दंडाला धरून ओढत आणणारी दर्शना. सरांचा गळ गेला होता. पायरीवर टेकल्यावर त्यांचे दात वाजत होते.

"आठ पंचवीस," सर घड्याळ पुसत म्हणाले. "काका, अजून वीस मिनिटं पाणी उतरायला हवं होतं ना?"

उत्तर शमिकानेच दिले. साडी पिळता पिळता ती म्हणाली, "धरणाचं पाणी सोडलं असणार. न सांगता सोडतात मेले. नायतर काकांचं पाणी चुकंल व्हय?"

"तसंच असणार," दुसरी म्हणाली.

"दर्शनाला बाकी बुद्दी झाली वेळेवर. नायतर रघूकाकागत झालं असतं." शमिका बोलून गेली आणि मग सावरून घेऊ लागली. "म्हणजे तो तर सांगितलेल्या वेळेपुढं थांबलेला. आमचं तसं नाय."

केरूने दर्शनाकडे पाहिले. ती छातीपर्यंत भिजली होती. काल संध्याकाळी काय बोलणे झाले, हे एका वाक्यात ती सगळ्यांसमोर मांडू शकली असती. तिने सरांचे बूट उपडे करून पाणी ओतले आणि बूट पायरीवर उभे ठेवले.

"मोजा, काका," ती म्हणाली. "दहा हायत."

केरूने मोजले. दहा होती.

सगळे गेल्यावर तो फळ्यापाशी आला. 'तृतीया, पावणेनऊ' ही अक्षरे त्याच्याच हातची. फडके ओले करून त्याने हातात घेतले. एकदा हात फिरवला की झाले. धरणाचे पाणी वाडीने आपण होऊन त्याच्या ओंजळीत घातलेच होते. एकतीस वर्षांपूर्वी फळा नव्हता, म्हणून ते इतके सोपे गेले होते.

त्या वर्षी भिवा नुकताच वारला होता आणि केरूचे ते पहिलेच उधाण. तेव्हाही मार्गशीर्षच होता आणि तेव्हाही द्वितीया गळाली होती. पहिल्या पाण्याच्या फुशारकीत केरूने आकडा मागे घेतला नाही. रघूला त्याने पावणेनऊ सांगितले. दुपारी रघूचे प्रेत काठाला लागले आणि वाडीचे जाणते त्याच्यासमोर येऊन बसले. 'केरू, तू पाणी किती सांगितलंस?' त्यांनी विचारले. केरूने तीन नावे मनात घेतली आणि म्हटले, 'आठ.' होडीतले दोघे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना पावणेनऊ आठवत होते. पण भिवाचा मुलगा आठ म्हणतो, तर आपलेच कान चुकले असतील, असे त्यांनी मानले. एक पुढे मुंबईला गेला, दुसरा मेला. त्या एका शब्दाने भिवाचे नाव राहिले आणि रघूचे गेले. चूक माणसाच्या हातून होते. 'आठ' हा शब्द मात्र केरूने चुकून उच्चारला नव्हता.

फडके त्याने दगडावर ठेवले. अक्षरे तशीच राहू दिली, आणि ज्या घराची पायरी त्याने एकतीस वर्षांत चढली नव्हती त्या घराची वाट धरली.

रघूची बायको काशी पडवीत विळीवर बसून मुळे फोडत होती. सदुसष्ट वर्षांची, सडसडीत, पाठीला बाक नाही. नवरा गेल्यावर तिने तिघांचे घर एकटीने उभे केले. दिराचा मुलगा शिकवला. दर्शना सासर सोडून परत आली तेव्हा 'लोक काय म्हणतील' हे तिच्या अंगणात कोणाला उच्चारू दिले नाही. केरूचे पाणी तिने त्या दिवसानंतर कधी घेतले नाही. ती बोटांवर मोजी, आणि तिची बोटे कधी चुकली नाहीत.

"वैनी."

"अर्धी टोपली आली आज," काशी मान वर न करता म्हणाली. "बाकीचे मुळे दांड्यावर रायले. बसा म्हणणार नाय मी. बोला."

"आजचं पाणी आठचं व्हतं."

"ठाव हाय."

"त्या वर्साचं पन... रघूला मी..."

"पावणेनऊ सांगितलंत."

विळीवर शिंपला कट्‌ असा फुटला. केरूने पडवीचा खांब धरला.

"तुमाला ठाव व्हतं?"

"भावजी, तो पाग खांद्यावर टाकून निगाला तवा चुलीपाशी येऊन काय म्हणाला? पावणेनऊला पाणी फिरतंय, नवाच्या एस.टी.ला मी घरात, भाकरी गरम ठेव. नवाची एस.टी. पुलावरनं गेली तवा भाकरी तव्यावर व्हती." तिने मुळ्याचा गर वाटीत टाकला. "तवाच तो मेलेला. वेळेच्या आत निगून मेलेला. मला कोनी सांगायला नको."

"मंग बोललात का नाय? एकतीस वर्सं..."

"कोन आयकणार व्हतं? घोवाची बाजू घेते म्हणाले असते. आनि मी बोलून मिळवलं असतं तर ते मी मिळवलेलं झालं असतं. तुमचं देनं तुमच्याकडंच रायलं असतं." आता तिने वर पाहिले. "मागून घेतलेलं फिटल्यात धरत नाय मी."

"वैनी, मला माफ..."

"ते बोलू नका. माफी मागितली की द्यावी लागते, आनि ती माज्यापाशी नाय. असती तर कवाच दिली असती." विळी पुन्हा चालू झाली. "आनि हे माज्या दारात सांगून मी काय करू? त्याचं नाव काय माज्या दारात गेलं? जितं गेलं तितं नेऊन ठेवा."

केरू अंगणातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या मागून तिचा आवाज आला. त्या आवाजात राग नव्हता, हुकूम होता.

"आनि तो डोळा दाखवा कुनाला तरी. उद्या दुसऱ्या कुनाच्या पोरी बुडायच्या."

पुढचा शनिवार उजाडेपर्यंत केरूने तो फळा रोज जाऊन पाहिला. दव पडून अक्षरे फिकी झाली, तरी पुसली गेली नाहीत. दोनदा त्याच्या मनात आले, की मुंबईला निघून जावे. डोळ्याचे निमित्त होतेच. शुक्रवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्याने त्याला सोमवारची गाडी बघायला सांगितले, आणि मुलगा इतका चकित झाला की दोनदा विचारून त्याने खात्री करून घेतली. संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारीपाजारी पोचली.

शनिवारी धक्क्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसे होती, कारण मागच्या रविवारची गोष्ट वाडीभर झाली होती आणि धरणवाल्यांविरुद्ध अर्ज लिहायचा होता. शमिकाने कागद आणला होता. सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्याला पाय लागतील अशी, काशी बसली होती. तिला तिथे पाहून बायकांनी आपोआप जागा केली. एकतीस वर्षांत ती पाणी ऐकायला आली नव्हती.

केरूने नावे घेतली. "धाकू. धाकूचा सोना. सोन्याचा भिवा." ओंजळीतले पाणी डोळ्यांना लावले. फळ्याकडे तो वळला नाही.

"पाणी सांगायच्या आदी एक सांगायचं हाय. मागच्या रविवारचं पाणी मी चुकलो. द्वितीया गळालेली, मी आकडा मागं घेतला नाय. दर्शनानं आदल्या दिवशी मला सांगितलं व्हतं. मी तिलाच टाकून बोललो."

"मंग धरणाचं पाणी?" शमिकाने हातातला कागद वर धरला.

"धरणानं काय सोडलं नाय. तो कागद ठेव. सकाळी पान फिरलेलं मला हितं दिसलं. आठला. मी हाक दिली नाय. तुमी धुक्यात व्हतात आनि मी हितं गप उबा व्हतो. शिट्टी दर्शनानं मारली, म्हणून तुमी हायत."

शमिकाने कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक.

"आनि रघू." केरूने खालच्या पायरीकडे पाहिले. "एकतीस वर्सांमागं मी रघूला पावणेनऊ सांगितलं. तेबी असंच चुकलेलं. दुपारी जानत्यांनी विचारलं तवा मी आठ म्हणालो. खोटं बोललो. ही तीन नावं घेऊन खोटं बोललो. रघू थांबला नव्हता. लोभ केला नव्हता. रघू माज्या वेळेच्या आत निगाला व्हता."

नदी चढत होती. पायऱ्यांच्या फटींत पाणी शिरण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. केरूने खिशातून खडू काढला आणि हात पुढे केला. पण कोणापुढे, ते त्याला ठरवता येईना.

"दर्शना," काशी खालच्या पायरीवरून म्हणाली, "खडू घे."

"आये, काकांचं..."

"काका सोमवारी डोळ्याला जातायत. घे."

दर्शनाने खडू घेतला. ओल्या फडक्याने तिने फळा पुसला. पावणेनऊ जाता जात नव्हते. आठ दिवसांच्या दवाने खडू लाकडात मुरला होता. दोनदा घासावे लागले. मग ती वळली आणि तिथेच अडली.

"नावं कुनाची घेऊ? आपल्यात पाणी सांगणारं कोन नाय झालं."

"पाणी आयकणारी झाली ना? त्यांची घे."

दर्शनाने नदीचे पाणी ओंजळीत घेतले.

"बाळा. बाळाचा तुका." पुढचे नाव या धक्क्यावर एकतीस वर्षे पोरांना धाक घालण्यापुरतेच घेतले गेले होते. "तुकाचा रघू."

तिने पाणी डोळ्यांना लावले.

"उद्या दशमी. भांगाचं पाणी हाय, दांड्यावर जायाचं नाय. गळ टाकायचा तर काठावरनं. सकाळी आठला भरती. पाणी दुपारी दोनला फिरंल."

"दोन," बायका म्हणाल्या. शमिका सर्वांत मोठ्याने म्हणाली. खालच्या पायरीवरून काशी म्हणाली. आणि बायकांच्या मागे, उंडीच्या बुंध्याशी, आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत उभा राहिलेला केरू सगळ्यांच्या नंतर म्हणाला, "दोन."

माणसे उठली. काशी पायऱ्या चढून वर आली, त्याच्यासमोरून जाताना थांबली.

"फिटलं, भावजी," ती म्हणाली, आणि लेकीच्या पुढे चालू लागली.

केरू काही वेळ तिथेच राहिला. मग सवयीने त्याने दोन्ही हात धोतराला पुसले आणि उजेडाकडे धरून पाहिले. बोटांना खडू नव्हता.